गोडाची तल्लफ आणि शुगर फ्री वस्तू : ग्लुकोमीटर लावून केलेला रिव्ह्यू

शुगर फ्री म्हणून जे जे काही विकलं जातं त्यातलं बरंचसं माझं खाऊन, पिऊन, चघळून झालंय. टाइप २ डायबेटिस आहे, गोळ्या चालू आहेत, आणि डॉक्टरांनी "गोड बंद" म्हटलं म्हणून जिभेला ते कळतं असं काही नाही, ती आपली संध्याकाळी चार-साडेचार झाले की मागायला लागतेच. म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं कुठली वस्तू कामाची आणि कुठली नुसती रॅपरची कमाल. एका ब्रँडचा रिव्ह्यू नाहीये हा, प्रकारांचा आहे, कारण ब्रँड शंभर असले तरी मागे बारीक अक्षरात तेच पाच-सहा पदार्थ फिरून फिरून असतात.

माझे निकष दोनच. खाल्ल्यावर शुगर किती चढली, आणि तल्लफ मिटली का अजून एक तुकडा मागायला लागली. दुसरा प्रश्न कोणी विचारतच नाही, पण माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा आहे, कारण एका तुकड्याने कोणाचीच शुगर बिघडत नसते, बिघडते ती "हे तर शुगर फ्रीच आहे" म्हणत अख्खं पाकीट संपतं तेव्हा.

मोजायची पद्धत आधी सांगते, नाहीतर खाली कोणीतरी विचारणारच. वस्तू एकटीच खायची, सोबत दुसरं काही नाही, खायच्या आधी एकदा बोट टोचायचं आणि मग एक तासाने आणि दोन तासांनी परत. हात साबणाने धुऊन कोरडे करायचे, हे फार महत्त्वाचं आहे बरं का, बोटाला फळाचा रस नाहीतर साखरेचा कण लागलेला असला की मीटर खोटा आकडा दाखवतो आणि आपण उगाच त्या चॉकलेटला शिव्या घालतो. अजून एक म्हणजे घरगुती मीटर काही लॅबचं मशीन नाही. २०१३ चं जे आयएसओ स्टँडर्ड आहे त्यात १०० च्या वरच्या आकड्याला १५ टक्के इकडेतिकडे चालतं, आणि १०० च्या खाली १५ पॉइंट (पॉइंट म्हणजे मीटरवरचे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर). म्हणजे आधी १२० आणि नंतर १३० आलं तर त्याला चढणं म्हणायचं नाही, तो मीटरचा मूड आहे. मी तीस-चाळीस पॉइंटच्या खाली काहीच मनावर घेत नाही, आणि प्रत्येक वस्तू एकदाच नाही, परत वेगळ्या दिवशीही तपासते.

तर सुरुवात शुगर फ्री चॉकलेटपासून, कारण सगळ्यात मोठा राग माझा त्याच्यावर आहे.

पुढे मोठ्या अक्षरात "साखर ० ग्रॅम". मागे वळवलं की खरा मजकूर. १०० ग्रॅममागे कार्बोहायड्रेट पन्नासच्या पुढे, त्याच्या खाली जरा आत सरकवून साखर शून्य, आणि त्याच्याही खाली पॉलिऑल चाळीसच्या आसपास. पॉलिऑल म्हणजे शुगर अल्कोहोल नावाचे साखरेसारखे गोड पदार्थ, आणि इथे ते बहुतेक वेळा माल्टिटॉल. चवीला साखरेच्या नव्वद टक्के गोड, वितळतं साखरेसारखं, चॉकलेटला तसाच चकाकता पोत देतं, म्हणून कंपन्यांचं फार लाडकं. पण ते काही शरीरातून तसंच बाहेर जात नाही. त्याचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे खाल्ल्यावर शुगर किती चढते त्याचा आकडा, ३५ च्या आसपास आहे, साखरेचा ६५, आणि सिरपच्या रूपात असेल तर माल्टिटॉलचा पन्नासच्या वर जातो. म्हणजे साधा हिशोब, साखरेच्या निम्मं तरी चढवणारच. ग्रॅममागे कॅलरीही दोनच्या वर, साखरेच्या चार, म्हणजे तिथेही निम्म्याहून थोड्या जास्तच. आता निम्मं म्हणजे वाईट नाही, पण शून्य लिहिलंय म्हणून तुम्ही दुप्पट खाल्लंत तर हिशोब बरोबर साखरेपाशी येऊन थांबला की नाही?

मी अर्धा बार खाल्ला आणि मीटर पन्नासेक पॉइंट वर गेला. दुसऱ्या वेळीही तेच. कंपनीला मेल टाकला की डायबेटिस असलेल्यांसाठी म्हणून विकता तर पुढच्या बाजूला पॉलिऑलचा आकडा का छापत नाही, तर उत्तर आलं की आमच्या प्रॉडक्टमध्ये साखर नाही. अहो ते मीही वाचलंय! नाव लिहीत नाही, कारण सगळे असंच करतात, हा काही एकट्याचा गुन्हा नाही, आणि नियमाने बघितलं तर ते खोटंही बोलत नाहीयेत.

दुसरा भाग पोटाचा. पॉलिऑल पूर्ण पचत नाहीत, उरलेलं मोठ्या आतड्यात जातं, तिथले जिवाणू त्यावर ताव मारतात आणि गॅस, गुडगुड, आणि जास्त झालं तर सरळ पळापळ. युरोपात तर पॉलिऑल १० टक्क्यांच्या वर असतील तर जास्त खाल्ल्यास जुलाब होऊ शकतात असं पाकिटावर छापणं सक्तीचं आहे. मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी घेणाऱ्यांना आधीच पोटाची कटकट असते त्यामुळे आपल्याला हे डबल. कोणाकडे जायचं असेल, प्रवासाला निघायचं असेल तर त्या दिवशी हे खाऊ नका एवढंच सांगते, तपशिलात जात नाही.

आणि तल्लफ? अजिबात मिटत नाही. गोड लागतं, छान लागतं, आणि छान लागतं म्हणूनच हात परत जातो. दोन्ही निकषांवर नापास. ५ पैकी १, आणि तो एक पण पोत चांगला आहे म्हणून.

आता चहा-कॉफीत टाकायच्या गोळ्या आणि पुड्या. इथे परिस्थिती बरीच बरी आहे. सुक्रॅलोज, ॲस्पार्टेम, सॅकरिन आणि स्टीव्हिया हे चार तुम्हाला सगळीकडे दिसतील. सुक्रॅलोज साखरेच्या साधारण ६०० पट गोड, त्यामुळे लागतं इतकंसं की कॅलरी मोजायचा प्रश्नच येत नाही. याची गोष्ट मला फार आवडते. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजमध्ये शशिकांत फडणीस नावाचे संशोधक काम करत होते, त्यांना एक क्लोरिन घातलेलं संयुग "टेस्ट" करायला, म्हणजे तपासायला सांगितलं आणि त्यांनी ऐकलं "टेइस्ट", म्हणजे चव घे, आणि घेतली की हो चव! लॅबमधलं. सॅकरिन १८७९ चं, तेही फालबर्ग नावाच्या केमिस्टने हात न धुता जेवायला बसल्यामुळे सापडलेलं, आणि ॲस्पार्टेम १९६५ मध्ये श्लॅटर यांनी पान उलटायला बोट चाटलं म्हणून. म्हणजे आपण हात धुऊन बोट टोचतो आणि ज्यांच्यामुळे आपल्या चहाला गोडी आली त्या मंडळींनी हात धुतले असते तर आपण आज बिनसाखरेचाच पीत बसलो असतो.

असो. चहात मीटर लावून बघितलं तर गोळीने काहीच फरक पडत नाही, जो काही फरक येतो तो दुधाचा. पुडीच्या बाबतीत मात्र एक बारीक गोष्ट आहे. एवढीशी सुक्रॅलोज पुडीत भरता येत नाही म्हणून त्यात वजनाला डेक्स्ट्रोज नाहीतर माल्टोडेक्स्ट्रिन घालतात, आणि हे दोन्ही साखरेपेक्षाही भरभर शुगर चढवणारे पदार्थ आहेत. एका पुडीत ते एखादा ग्रॅमच असतं, त्यामुळे एका कपाला घाबरायचं कारण नाही, पण दिवसाला सात-आठ कप आणि प्रत्येक कपात दोन पुड्या असा ज्यांचा हिशोब आहे त्यांनी गोळी किंवा थेंबवाली बाटली घ्यावी. ॲस्पार्टेम उकळत्यात टाकून बराच वेळ ठेवलं तर त्याची गोडी कमी होते, म्हणून ते कप खाली उतरवल्यावर टाका. आणि फिनाइलकीटोनुरिया नावाचा जन्मजात आजार असलेल्यांनी ॲस्पार्टेम घ्यायचंच नाही, ते पाकिटावर लिहिलेलं असतं.

स्टीव्हियाबद्दल लोकांचं फार प्रेम, वनस्पतीपासून आहे म्हणून. आहे खरं, पानांतून काढलेलं, साखरेच्या २०० ते ३०० पट गोड, शुगर चढत नाही. पण मागून येणारी ती कडसर चव, तिचं काय करायचं? जिभेच्या मागच्या बाजूला राहते आणि जातच नाही. नवऱ्याला न सांगता एकदा त्याच्या चहात घातलं तर पहिल्या घोटाला, "अगं, ह्यात औषध सांडलंय का काही?" काही जणांना ती चव लागतच नाही, माझ्या मैत्रिणीला अजिबात लागत नाही, म्हणून मोठी बाटली घ्यायच्या आधी कोणाकडून तरी चार थेंब मागून बघा. थंड पेयात कमी जाणवते, लिंबू पिळलं तर अजूनच कमी.

आता कोणीतरी म्हणेलच की डब्ल्यूएचओने तर नको सांगितलंय. हो, मे २०२३ मध्ये त्यांनी सांगितलं की वजन आटोक्यात ठेवायला म्हणून ही बिनसाखरेची गोडी वापरू नका, लांबच्या काळात फायदा दिसत नाही. पण त्याच कागदात स्पष्ट लिहिलंय की ज्यांना आधीच डायबेटिस आहे त्यांना ही शिफारस लागू नाही. फॉरवर्डमध्ये हे वाक्य नेमकं गळालेलं असतं. आणि त्याच वर्षी जुलैत डब्ल्यूएचओच्याच कॅन्सर संस्थेने ॲस्पार्टेमला "कदाचित कॅन्सरकारक" यादीत टाकलं म्हणून बोंब झाली, पण खाद्यपदार्थांतले घटक तपासणाऱ्या दुसऱ्या समितीने त्याच दिवशी रोजची मर्यादा तीच ठेवली, किलोमागे ४० मिलिग्रॅम. म्हणजे ७० किलोच्या माणसाला मर्यादा ओलांडायला दिवसाला डायट कोल्ड्रिंकचे नऊ-दहा तरी कॅन प्यावे लागतील. तेवढे कोणी पीत असेल तर ॲस्पार्टेम हा त्याचा पहिला प्रॉब्लेम नसावा.

माझी तक्रार वेगळी आहे. गोळ्यांनी शुगर चढत नाही हे खरं, पण जीभ तेवढ्याच गोडाला सवयीची राहते. मी चहात दोन गोळ्यांवरून एकीवर आले, मग अर्धीवर, आणि आता अर्धी गोळी घातलेला चहा मला पुरेसा गोड लागतो, पूर्वीचा दोनवाला प्यायला तर घशाशी येतो. हे हळूहळूच होतं, काही आठवडे घेतं, पण होतं. गोळी तोडायचा तो छोटा कटर मिळतो, औषधाच्या गोळ्यांचा, तो घ्या. शुगरला ५ पैकी ५, तल्लफेला ३.

एरिथ्रिटॉल. घरी काही गोड करायचं तर हेच, म्हणजे दिसायला साखर, मोजायला साखर, पण गोडी साठ-सत्तर टक्केच म्हणून थोडं जास्त घालावं लागतं. हेही पॉलिऑलच, पण माल्टिटॉलच्या एकदम उलट. लहान आतड्यातच शोषलं जातं आणि नव्वद टक्क्यांच्या आसपास लघवीवाटे जसंच्या तसं बाहेर पडतं, त्यामुळे शुगर जवळजवळ हलत नाही आणि पोटालाही बाकीच्यांपेक्षा सोसतं. माझा मीटर तर ढिम्म. म्हणून पॉलिऑल दिसलं की घाबरायचं नाही, कुठलं ते बघायचं.

दोष दोन. तोंडात टाकल्यावर जिभेला एकदम गार लागतं, ते स्फटिक विरघळताना उष्णता ओढून घेतात म्हणून. पेपरमिंटमध्ये ठीक आहे पण गरम खिरीसारख्या प्रकारात विचित्र. आणि फ्रिजमध्ये ठेवलेल्या क्रीमवाल्या पदार्थात दुसऱ्या दिवशी परत खडे धरतं, चमचा घातला की करकर. त्यावर उपाय म्हणजे मिक्सरमधून पिठीसारखं करून घालायचं आणि निम्मं एरिथ्रिटॉल, उरलेल्या गोडीला सुक्रॅलोज नाहीतर मंक फ्रूट या गोड फळाच्या अर्काचे थेंब. मिश्रणं तयारही मिळतात पण त्यात कशाचं प्रमाण किती ते वाचून घ्या.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. २०२३ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी नेचर मेडिसिनमध्ये छापलं की ज्यांच्या रक्तात एरिथ्रिटॉल जास्त होतं त्यांच्यात हार्ट अटॅक आणि स्ट्रोक जास्त आढळले. आता शरीर स्वतःही थोडं एरिथ्रिटॉल बनवतं, त्यामुळे ते खाण्यातूनच आलेलं होतं असं त्यावरून ठरत नाही, आणि दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असंही नाही. पण डायबेटिसवाल्यांचं हृदय आधीच धोक्याच्या बाजूला, म्हणून मी हे रोजच्या वापरातून काढलं आणि सणासमारंभापुरतं ठेवलं. ज्यांना हार्टचा त्रास झालेला आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच. ५ पैकी ३.

डायबेटिक बिस्किटं. यावर जास्त लिहायची माझी इच्छा नाही. साखर काढली, मैदा ठेवला. मैद्याची शरीरात शेवटी ग्लुकोजच होते. वर फॅट जास्त, किंमत जास्त, चव कमी. एकूण कार्बोहायड्रेटचा आकडा साध्या बिस्किटाशेजारी धरून बघा, बहुतेक वेळा उन्नीस-बीस. त्यापेक्षा आवडीचं साधं बिस्किट एक खा आणि डबा बंद करा. "नो ॲडेड शुगर" वाल्या ज्यूसचंही हेच, वरून घातलेली नाही म्हणजे आत नाही असं नव्हे. आणि मध, खजुराचं सिरप, ब्राउन शुगर, कोकोनट शुगर वगैरे नैसर्गिक म्हणून खपवतात ते मीटरला सगळे सारखेच. ० देता आलं असतं तर दिलं असतं.

आता मजेशीर वस्तू, गुडमारच्या चघळायच्या गोळ्या. गुडमार म्हणजे मधुनाशिनीची वेल, तिच्या पानात जिम्नेमिक ॲसिड नावाचे पदार्थ असतात आणि ते जिभेवरच्या गोड ओळखणाऱ्या जागांना जाऊन चिकटतात, म्हणजे गोडाला बसायला जागाच उरत नाही. खारट, आंबट, कडू, सगळं लागतं, फक्त गोड गायब. अर्धा-एक तास तरी हे टिकतं.

मला वाटलं सगळी जाहिरातबाजी असणार. एक गोळी तोंडात धरून विरघळू दिली, चव कडसर, पालापाचोळ्याची, आणि मग दुधाचं चॉकलेट तोंडात टाकलं. काय सांगू! चॉकलेट वितळतंय, जिभेला चिकटतंय, कोकोचा वास नाकात येतोय, आणि गोड नावाचा प्रकारच नाही, नुसता मऊ तेलकट गोळा तोंडात फिरतोय, तो गिळू की थुंकू असं झालं. साखरेचे दाणे टाकून बघितले तर वाळूसारखी करकर, बस. दुसरा तुकडा घ्यायची इच्छा होणं शक्यच नव्हतं. तल्लफ मिटवणारी म्हणून मी वापरलेल्या सगळ्या वस्तूंत ही एकच अशी की जी तल्लफ खरोखर मिटवते, बाकीच्या सगळ्या तल्लफेला पर्याय देतात.

पण काही अटी आहेत. एक तर ही चघळायचीच गोळी हवी. कॅप्सूल गिळली तर जिभेला काही कळतच नाही, ती सरळ पोटात जाते, आणि कॅप्सूलवर "तल्लफ कमी करते" लिहून विकणारे ही गोष्ट सांगत नाहीत. दुसरं, पोटात गेलेला गुडमारचा अर्क शुगर कमी करू शकतो, त्यामुळे ज्यांना ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी डॉक्टरांच्या कानावर घातल्याशिवाय सुरू करू नये, शुगर लो व्हायची. मी विचारलं तेव्हा आमचे डॉक्टर म्हणाले, "चघळा हवं तर, पण रोज कॅप्सूल घ्यायची नाही आणि पहिले काही दिवस मीटर जास्त लावा." आणि तिसरं, आयुष्यातला आनंद थोडा जातो हो. जेवणानंतरचं फळही बेचव लागतं. म्हणून मी ही गोळी फक्त अशा वेळी वापरते जेव्हा समोर गोडाचं ताट आहे आणि मला माहितीये की मी एकावर थांबणार नाही. ५ पैकी ४.

डार्क चॉकलेट, ८५ टक्केवालं, साधं, शुगर फ्री नसलेलं. हो, साखर असलेलं. गंमत अशी की १०० ग्रॅममध्ये साखर साधारण १४-१५ ग्रॅम असते, म्हणजे दहा ग्रॅमच्या एका वडीत दीड ग्रॅम. दुधाच्या चॉकलेटमध्ये हेच १०० ग्रॅमला पन्नासच्या घरात जातं. माझ्या मीटरवर एका वडीने काही दिसत नाही, आणि ते इतकं कडवट, दाट असतं की एका वडीने तोंड भरून जातं, दुसरी नकोशी होते. पहिले काही दिवस हे औषध घेतल्यासारखं वाटतं, ७० टक्क्यांपासून सुरू करून वर जा. जेवण झाल्यावर लगेच खाल्लेलं बरं, पोटात आधी भाजी-प्रोटीन गेलेलं असलं की शुगर तशीही सावकाश चढते. चावायचं नाही, जिभेवर ठेवून वितळू द्यायचं. पैशाच्या मानाने बघितलं तर शुगर फ्री चॉकलेटपेक्षा हे कितीतरी परवडतं कारण एक बार कित्येक दिवस जातो. ५ पैकी ४.५, अर्धा कापला कारण कॅलरी कमी नाहीत, फॅट भरपूर आहे, आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना पोटॅशियममुळे हे चालेलच असं नाही.

आता शेवटची वस्तू जी खायची नाहीच, सेन्सर, म्हणजे दंडावर लावायचा, सतत शुगर मोजत राहणारा सीजीएम. दहा किंवा चौदा दिवस चिकटून राहतो आणि दर काही मिनिटांनी फोनवर शुगर दाखवतो. याला मी तल्लफेच्या रिव्ह्यूत का आणतेय, तर माझी चार वाजताची तल्लफ हा गोडाचा मोह आहे असं मी धरून चालले होते, आणि सेन्सर लावल्यावर दिसलं की दुपारी भरपूर भात खाल्लेल्या दिवशी दीड-दोन तासांनी डोंगर चढतो आणि चारच्या सुमाराला तो भसकन खाली येतो, बरोबर त्या उतारावर मला गोड हवं असतं. दुपारचं जेवण बदललं, आधी भाजी-डाळ आणि मग कमी भात, वर दहा-पंधरा मिनिटं चालणं, की डोंगराची टेकडी झाली आणि चारची मागणी बरीच सौम्य झाली. पूर्ण गेली असं नाही म्हणणार. झोप नीट झाली नाही की दुसऱ्या दिवशी ती परत हजर असते, सेन्सर सरळ रेघ दाखवत असला तरी.

आणि कधी कधी ती तल्लफ नसतेच, ती लो झालेली शुगर असते. हे ज्यांना सल्फोनिल्युरिया गोळ्या (वर आलेली ग्लिमेपिराइड त्यातलीच) किंवा इन्सुलिन आहे त्यांनी नीट वाचा. एकदम गोड हवंसं वाटणं, हात थरथरणं, घाम, छातीत धडधड, चिडचिड, असं काही असेल तर स्वतःला "कंट्रोल कर" म्हणत बसायचं नाही, मीटर लावायचा. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम भरभर लागू पडणारी साखर घ्यायची, ग्लुकोजच्या गोळ्या उत्तम, १५ मिनिटं थांबायचं, परत मोजायचं, अजून कमी असेल तर परत १५ ग्रॅम. इथे वरची एकही शुगर फ्री वस्तू उपयोगाची नाही, डायट कोल्ड्रिंक तर नाहीच, आणि चॉकलेटसुद्धा नाही कारण त्यातल्या फॅटमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. ज्यांना ॲकार्बोज किंवा व्होग्लिबोज या डायबेटिसच्या गोळ्या चालू आहेत त्यांना तर साधी साखरही लवकर लागू पडत नाही, ती फोडायचं कामच त्या गोळीने मंद केलेलं असतं, त्यांनी थेट ग्लुकोजच घ्यायचं. आणि गुडमारची गोळी चघळलेली असताना शुगर लो झाली तर ग्लुकोज बेचव लागेल पण काम करेल, थांबू नका.

उलटंही होतं. बरेच दिवस शुगर वर राहिलेली असेल आणि मग औषधाने नॉर्मलला आली की ११०-१२० लाही लो झाल्यासारखं वाटतं, शरीराला वरच्या आकड्याची सवय लागलेली असते. अशा वेळी मीटरचा आकडा बघून गोड खायचं टाळता येतं, अंदाजाने नाही.

सेन्सरच्या कटकटी पण आहेत. तो रक्तातली शुगर मोजत नाही, कातडीखालच्या पाण्यातली मोजतो, त्यामुळे पाच-पंधरा मिनिटं मागे असतो, शुगर भराभर बदलत असेल तर बोट टोचून खात्री करावीच लागते. त्या दंडावर झोपलं की रात्री खोटा लो दाखवून अलार्म वाजवतो, सगळं घर उठतं. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसच्या गोळ्यांनी काही सेन्सर जास्त आकडा दाखवतात. चिकटपट्टीची खाज मला दुसऱ्या आठवड्यात येतेच. आणि महाग आहे, कायम लावून ठेवायची माझी ऐपत नाही आणि मला गरजही वाटत नाही, मध्येच एखादा लावते, जेवण-झोप-तल्लफ लिहून काढते आणि मग परत साध्या मीटरवर. ज्यांना इन्सुलिन आहे त्यांचा हिशोब वेगळा. ५ पैकी ४.

एक राहिलंच, झायलिटॉलचे च्युइंग गम आणि मिंट. दातांना चांगले, शुगर फारशी चढत नाही, जेवणानंतर तोंडाला चाळा म्हणून मस्त, दोन-तीनच्या वर गेलं की पोट कुरकुरतं. पण घरात कुत्रा असेल तर हे पर्समध्ये, उशाशी, टेबलावर कुठेही उघडं ठेवायचं नाही. माणसाला जे काही करत नाही तेच कुत्र्याच्या शरीरात भसाभस इन्सुलिन सोडायला लावतं, त्याची शुगर धाडकन खाली येते आणि थोड्याशा गमनेही जिवावर बेतू शकतं. पाकिटावर "नैसर्गिक गोडी", "बर्च शुगर" अशा नावांनीही हेच असतं, तेव्हा मागची बाजू वाचा.